नऊ पावलं

"वरच्या बाई ओरडल्या तर घाबरू नका," घराची किल्ली तिच्या हातावर ठेवताना आधीचा भाडेकरू म्हणाला होता. "ओरडल्या नाहीत, तर मात्र वर जाऊन बघा."

तो टपाल खात्यातला माणूस, बदली होऊन निघालेला. नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं, कुठलं दार ओढून घ्यावं लागतं, असलं सगळं सांगता सांगता त्यानं हेही सांगून टाकलं. तिनं हसून मान डोलावली आणि सोडून दिलं. ती त्या वेळी खिडकीच्या गजांमध्ये स्वतःची मूठ घालून बघत होती, की यातून बाळाचं डोकं जाईल का. बाळ तेव्हा पोटात होतं.

आता बाळ आठ महिन्यांचं झालं होतं. तिला सगळे ठकी म्हणत. ठकी झोपली की आई तिच्या नाकाशी बोट धरून बसे, जागी असली की तिच्या मुठीत काय आहे ते बघत बसे. उकळतं पाणी, टेबलाचे कोपरे, गळून पडलेली बटणं, शिंकणारे पाहुणे, सगळ्यांवर तिची डोळ्यांत तेल घालून नजर. जगातल्या यच्चयावत गोष्टींची धास्ती घेणाऱ्या या बाईनं नेमकी ती एकच सूचना कानाआड केली होती.

वरच्या मावशी ओरडत मात्र खऱ्याच. रोज संध्याकाळी, पावणेआठच्या मालिकेत.

मावशींची उभी हयात कापडगिरणीत गेलेली. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं बोलून बोलून त्यांचा आवाज असा चढला होता, की त्या कुजबुजल्या तरी खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघे. गिरणीत त्यांचं काम कापड तपासायचं. शंभर हात कापडात एक धागा तुटलेला असला तरी तो त्यांना दिसायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परगावी. आता त्या मालिका तपासत.

त्यांच्या टीव्हीला गच्चीवरचा जुना अँटेना होता. खाली तिच्या घरी केबल. आणि सगळ्यात खाली, रस्त्याला लागून शिंपीकाकांचं दुकान. ते मोबाइल शिलाई मशीनला टेकवून ठेवत. "मी कुठे बघतो? शिवता शिवता कानावर पडतं एवढंच," असं म्हणत आणि खलनायिकेच्या धाकट्या दिराच्या साडूचंसुद्धा नाव सांगत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

गंमत अशी, की मावशींच्या टीव्हीवर जे आत्ता घडे, ते तिच्या टीव्हीवर सहा-सात सेकंदांनी घडे आणि शिंपीकाकांच्या मोबाइलवर चांगलं अर्ध्या मिनिटानं. त्यामुळे वर मावशींची आरोळी उठली, की इकडे ती उशी घट्ट धरून बसे, आणि खाली काका मशीन थांबवून म्हणत, "झालं. आता कोण मेलं ते बघायचं फक्त."

गेले वर्षभर मावशींचा एक हेका होता. मालिकेतली सासू तीन वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत होती. कमरेखालून काही म्हणजे काही हलत नव्हतं. सगळा वाडवडिलांचा कारखाना तिच्या त्या खुर्चीभोवती फिरत होता.

"ती चालते," मावशी म्हणाल्या होत्या. जिन्यात, तिघं भेटले असताना.

"बाई, काहीतरीच काय," शिंपीकाका म्हणाले. "डॉक्टरांनी तिच्या पायाला टाचणी टोचून दाखवली. हूं का चूं नाही."

"डॉक्टरचं मला सांगू नका. तिच्या चपला बघा. टाचेला झिजल्यात. खुर्चीत बसून चपला झिजतात होय?"

"अहो, नाटकातल्या बाईच्या चपला त्या. शूटिंगला चालत येत असेल."

"मग नवीन घालतील. तपासून घातल्यात त्या."

"ती उठली ना," काका म्हणाले, "तर दुकानाची पाटी उलटी लावीन."

"ताई, तू साक्षीदार," मावशींनी तिला बजावलं आणि ठकीच्या गालाला बोट लावलं. "आणि हिच्या नाकाशी किती सूत धरून बसशील गं? मुलगी तुझ्यापेक्षा दणकट आहे."

ती हसली होती, पण ते तिला लागलं होतं थोडं. कदाचित म्हणूनच, मागच्या सोमवारी ती वर गेली. सगळी वाक्यं जिन्यात जुळवून.

"मावशी, राग मानू नका. तुमच्या आवाजानं बाळ दचकतं हो."

मावशी म्हणाल्या, "अगं, आधी नाही का सांगायचं. जीभ आवरली जात नाही, पण करते काहीतरी."

आणि खरंच, मंगळवारपासून आरोळी बंद. त्याऐवजी एक नवंच सुरू झालं. मालिकेत काही घडायच्या सहा सेकंद आधी वर पावलं वाजत. धप धप धप, घाईघाईची. तिनं मोजली होती, नऊ. मग एक दार लागल्याचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दार, आणि परत नऊ पावलं, या खेपेला निवांत. मग खुर्ची करकरे.

कुठे जात असतील, तिला कळेना. विचारायची लाज वाटली. त्यात भर म्हणजे, ठकी त्या आठवड्यात किरकिरी झाली. पावणेआठला छताकडे बघायची, वाट पाहायची, आणि मग ओठ काढायची. आईच्या लक्षात एक गोष्ट हळूहळू यायला लागली, जी कुणाला सांगण्यासारखी नव्हती. दचकत होती ती स्वतः. बाळाचं नाव तिनं उगाच पुढे केलं होतं.

सोमवार उजाडला. नवरा दुसऱ्या पाळीला गेलेला. पावणेआठला तिनं टीव्ही लावला, ठकीला मांडीवर घेतलं. भाग तसा रडतखडतच चालला होता. नातवाचा पाळणा सासूच्या खोलीत आणून ठेवला होता, सून औषध आणायला बाहेर गेली होती, खिडकी उघडी होती. पडदा हलत होता. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील.

वर पावलं वाजली. आज चालत नव्हती, धावत होती. सात, आठ, नऊ. दार धाडकन लागलं.

तिनं ठकीला छातीशी धरलं. उरलेले सेकंद मोजले, एक, दोन, तीन.

आणि टीव्हीतली सासू खुर्चीतून उठली. ना संगीत वाजलं, ना वीज कडाडली. गुडघ्यांवर हात ठेवून, कुठलीही म्हातारी उठते तशी उठली, खिडकीपाशी चालत गेली, खिडकी लावली आणि बाळाचं पांघरूण सारखं केलं.

ठकीच्या आईच्या घशातून जो काही आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिनं लगेच वर बघितलं. वर्षभर जे म्हटलं ते खरं ठरलं होतं. आज तर मावशी छत खाली आणणार. ती छताकडे बघत राहिली. टीव्हीत काय चाललंय तिकडे लक्षच गेलं नाही.

वर काहीच नाही.

तेवढ्यात खालून आरोळी आली. शिंपीकाकांची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढी मोठी गोष्ट त्यांना वरून कुणी आधी सांगितली नव्हती, आणि बातमी त्यांच्यावर थेट येऊन आदळली होती. "उठली! अहो, उठली की ही बया!"

टीव्हीवर नावं सुरू झाली. जाहिरात लागली. ती अजून वरच बघत होती. नऊ पावलं गेली होती. परत आली नव्हती.

मनात पाल चुकचुकली आणि तिच्यामागून टपालवाल्याचा आवाज आला, जसा काही तो दारातच उभा आहे. ओरडल्या नाहीत, तर मात्र.

तिनं ठकीला कडेवर घेतलं आणि जिना चढली. मावशींच्या चपला दाराशी. दाराखालून उजेड. आत टीव्ही चालू, कुठलासा साबण विकत होता. तिनं कडी वाजवली, मग दार थोपटलं, मग हाका मारल्या. उत्तर नाही. ही बाई गप्प बसली ती आपल्या सांगण्यावरून, एवढा एकच विचार डोक्यात फिरायला लागला. ओरडत असत्या तर निदान कळलं असतं.

ती धडधडत खाली उतरली. शिंपीकाका दुकानाच्या दारात गळ्यात टेप घालून उभे होते, एका हातात कात्री, दुसऱ्यात मोबाइल.

"ताई, बघितलंत? मी आता पाटी..."

"काका, मावशी दार उघडत नाहीत. चपला आहेत, दिवा आहे, आवाज नाही."

काकांनी मोबाइल मशीनवर ठेवला. "किल्ली आहे माझ्याकडे. जादाची. त्यांनीच दिलेली." ते आत वळले. "बटणांच्या डब्यात."

डबा म्हणजे बिस्किटांचा भला मोठा पत्र्याचा डबा, गळ्यापर्यंत भरलेला. काकांनी हात घातला, ढवळलं, नुसती बटणंच वर आली. मग त्यांनी सरळ डबा कापायच्या टेबलावर पालथा केला. पांढरी, काळी, कोटाची, शाळेच्या गणवेशाची, हजारभर बटणं खळखळत जमिनीवर धावली. ठकी आनंदानं किंचाळली. आईनं आठ महिन्यांत ज्या एका गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती, ती आता तिच्या पायांखाली सांडलेली होती, आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही. ती गुडघ्यावर बसून बटणं उपसत होती.

"सापडली," ती म्हणाली.

दार उघडलं. खोलीत कोणी नाही. खुर्ची रिकामी, चहा अर्धा. स्वयंपाकघर रिकामं, न्हाणीघर रिकामं. काका कात्री पुढे धरून चालत होते, जणू कुणाला बेतायला निघालेत.

ती मात्र खुर्चीपाशी उभी राहिली आणि तिथून चालायला लागली. एक, दोन, तीन. बोळकांडीतून वळली. सात, आठ. नवव्या पावलाला भिंतीतलं कपाट होतं, जुन्या पद्धतीचं, माणूस उभा राहील एवढं. त्याची बाहेरची कडी आपसूक खाली पडून अडकलेली. तिनं कान लावला. खूप आतून, रजयांच्या पलीकडून, कुणीतरी थोपटत होतं.

तिनं कडी काढली. रजया, लोकरी कोट आणि त्यांच्यात लाल झालेल्या, केस विस्कटलेल्या, घामानं निथळणाऱ्या मावशी. छातीशी उशी.

आईला रडू येणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पुढे काय झालं?"

"मावशी, तुम्ही इथे काय करताय?"

"ओरडते. तूच म्हणालीस ना, पोर दचकतं. आठवडाभर इथेच येऊन ओरडते मी. आज जरा जोरात दार ओढलं गेलं." त्या बाहेर आल्या, भिंतीला धरून दम खाल्ला. "आधी मला वाटलं, बरंय, आज जास्त वेळ ओरडायचं आहे. मग आवाज बसला. मग म्हटलं, आता कुणाला कळणार? हिला वाटेल, म्हातारी शहाणी झाली."

ठकीच्या आईनं मावशींचा हात धरला आणि, सवयच ती, मग बोट त्यांच्या नाकाशी नेलं. मावशींनी ते चापट मारून बाजूला केलं.

"चालतोय माझा श्वास. मी विचारलं, पुढे काय झालं? उठली, आणि?"

ती आठवायला लागली आणि तिच्या लक्षात आलं. "मला नाही माहीत. मी वर बघत होते."

दोघींनी काकांकडे बघितलं. काका कात्रीकडे बघायला लागले. "ते, उठली तेव्हा माझं बोट चुकून पडलं. थांबलंय ते तिथंच," ते म्हणाले. "मी काही बघत नव्हतो म्हणा."

मावशी आधी घोटभर पाणी प्यायल्या, मग त्यांच्या दोन बाजूंना दोघं, असे जिन्यावरून खाली आले. दुकानात बटणांवरून पाय सावरत, ठकीला मावशींच्या मांडीवर देऊन, तिघांनी त्या बोटभर पडद्यात डोकी घातली. काकांनी बोट टेकवलं.

सासूनं खिडकी लावली. पांघरूण सारखं केलं. वळली. दारात सून उभी होती, हातात औषधाची बाटली. आता ही किंकाळी फोडणार, सगळं घर गोळा करणार. सून आत आली. चाकांची खुर्ची सासूच्या मागे सरकवली आणि हलकेच म्हणाली, "बसा. ते जिना चढताहेत."

तिला माहीत होतं. सुनेला पहिल्यापासून माहीत होतं.

मावशींनी तोंडावर हात नेला, डोळे ठकीच्या आईकडे.

"ओरडा, मावशी," ती म्हणाली.

आवाज बसलेला होता तरी समोरच्या इमारतीच्या दोन खिडक्या उघडल्या. ठकी एकदा थबकली, मावशींच्या तोंडाकडे बघितलं आणि आठवड्यात पहिल्यांदा, पोट हलवून, हिचकी लागेपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका शिडीवर चढले. मावशी खालून सांगत होत्या, "डावीकडे अजून. उलटी लावायची तर नीट उलटी लावा." कपाटाची कडी तर त्याआधीच, सकाळीच, ठकीच्या आईनं स्वतः काढून आणली होती.

आता एवढंच, की पुढच्या आठवड्यात ती ठकीला घेऊन चार दिवस आईकडे जाते आहे, आणि शिंपीकाकांचा काही भरवसा नाही, ते अजून म्हणतात आपण बघत नाही. म्हणून तिनं तुम्हाला सांगायला सांगितलं आहे. घर सापडायला सोपं, खालच्या दुकानाची पाटी उलटी आहे. पावणेआठनंतर त्या बाजूनं गेलात तर जिन्यात थोडं थांबा. वरून ओरडण्याचा आवाज आला तर घाबरू नका, आपल्या वाटेनं जा. नाही आला, तर मात्र वर जाऊन बघून या. किल्ली बटणांच्या डब्यात आहे.