मढ्याला घाम येत नाही

शहर झोंबींनी भरलं, तेव्हा उरलेली माणसं सरकारी छावणीत भिंतीआड राहायला आली. कुणाला चावा बसला, की पहारेकरी त्याला उचलून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून सांगायचे, जाळला. ताईच्या धाकट्या भावाला चार महिन्यांपूर्वी असंच नेलं होतं.

ताई छावणीच्या धुलाईखान्यात कामाला होती. एका सकाळी भिंतीपलीकडच्या सरकारी कारखान्यातून धुवायला आलेल्या गाठोड्यातून निळा शर्ट निघाला. खिशावर तिनेच भावाला लावून दिलेलं वेडंवाकडं ठिगळ. तिने तो नाकाशी नेला. शर्टाला ताज्या घामाचा वास येत होता.

"मामा, मढ्याला घाम येतो का हो?" तिने म्हाताऱ्या मुकादमाला विचारलं.

मामांनी आधी दार लोटलं. "चाळीस दिवसांत चाव्याचं विष उतरतं, पोरी. माणूस परत माणूस होतो. पण हे लोकांना कळलं तर छावणीच्या साहेबांना घाबरणार कोण? बरे झालेल्यांना त्या कारखान्यात कामाला जुंपतात."

"आणि तुम्ही तोंड शिवून बसलात?"

"माझी बायको आहे तिथे. बोललो तर तिला मारतील." मामांचे डोळे भरून आले. ताईचा राग तिथेच विरघळला.

"सगळ्यांना एकदमच कळलं, तर किती जणांना मारतील?" ती म्हणाली.

मामांनी कारखान्यात जाणारी धुतलेल्या चादरींची गाडी पुढे ओढली. "बस आत."

कारखान्यात भाऊ यंत्राशी उभा होता, नुसता हाडांचा सापळा. तिला बघून तो रडायलाच लागला. "मला वाटलं, विसरलीस."

"गाढवा, रड नंतर. चल आधी."

येताना दोघं मळक्या कपड्यांखाली दडली. फाटकावरच्या शिपायाने नाक दाबून गाडी सोडून दिली.

ताईने भावाला थेट दुपारच्या जेवणाच्या रांगेत उभं केलं. दंडावरचा चाव्याचा वण दाखवत तो ओरडला, "मी जिवंत आहे! तिथे सगळे जिवंत आहेत!"

एका पहारेकऱ्याने बंदूक रोखली. रांग जागची हलली नाही. एक आजी पुढे झाली. "माझी नात? तोतरं बोलते बघ."

"आहे, आजी. माझ्याच शेजारी काम करते."

पहारेकऱ्याची बंदूक हळूहळू खाली आली. "आणि माझे वडील?" त्याने विचारलं. "एका पायाने लंगडतात."

"तेही आहेत," भाऊ म्हणाला. तोच पहारेकरी मग सगळ्यांच्या पुढे कारखान्याकडे चालू लागला.

संध्याकाळपर्यंत कारखान्याची दारं सताड उघडली होती. साहेब जीपमधून पसार झाले होते. मामांची बायको बाहेर आली, नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "काय ही दशा! जेवत नव्हतात का?"

मामांनी डोळे पुसत नुसती मान हलवली.