बाईसाहेबांची खुशाली

“काका, तुमच्या बाईसाहेब बाई नाहीत,” काचेच्या पेटीवरून मान वर न करता सिस्टर म्हणाली. “पुढच्या पायांवर हुकासारखे आकडे आलेत बघा. नर आहे हा. परवा टाकली ती त्याची शेवटची कात.”

चष्म्याच्या दुकानात जन्मभर भिंगं घासली आणि घरातली गोष्ट दिसली नाही, याचं त्याला हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही. तळहाताएवढा हा टॅरँट्युला कोळी मुलीचा. दूर नोकरीला जाताना तिने तो त्याच्या गळ्यात मारला होता. मादी आहे, वीस वर्षं जगेल म्हणाली होती. मुलीने मादी म्हटलं, म्हणून मादी. आपल्यामागे हिचं कसं व्हायचं, याचा त्याला घोर लागून राहिला होता. आता कळलं, हाच आधी जाणार. शेवटची कात टाकलेला नर फार तर वर्षभर काढतो.

बायको गेल्यापासून बापलेकीला बोलायला विषय नव्हता. दर रविवारी फोन यायचा, “बाईसाहेब कशा आहेत?” झुरळ खाल्लं का, कात टाकली का, एवढं झालं की फोन बंद. बाईसाहेब नसत्या तर तेवढंही झालं नसतं, हे तो जाणून होता.

सिस्टर जवळच्या दवाखान्यातली. चष्मा करायला आली तेव्हा दुकानातल्या बाईसाहेबांच्या फोटोवरून ओळख निघाली. तिच्याकडे याच जातीची मादी होती. नर तिच्याकडे न्यायचा, पिल्लं झाली तर अर्धी त्याची, असा या शौकातला रिवाज. मादीचं डोकं फिरलं तर ती नराला खाऊन टाकते, हेही तिने लपवलं नाही. तो नको म्हणाला. उरलंय ते वर्ष तरी रविवारी सांगायला काही राहील, असा त्याचा हिशोब.

पण नराने खाणंपिणं टाकलं. तो दुकानातून यायचा तेव्हा हा काचेला धरून येरझाऱ्या घालत असायचा. मध्येच थांबून पुढचे पाय तळावर आपटायचा, टकटक, मग गप्प उभा राहायचा, आणि पुन्हा टकटक. मादीला हाक आहे ती, सिस्टरने सांगितलं होतं. घरात ती हाक ऐकणारा तो एकटा, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला जेवण जाईना. शेवटी त्यानेच सिस्टरला फोन केला.

तिच्या घरी नराने मादीच्या पेटीत उतरताच पाय आपटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बिळातून टकटक आली. त्याचे डोळे भरून आले, आणि सिस्टरसमोर त्याला त्याची लाजही वाटली नाही.

सिस्टर लांब ब्रश घेऊन तयारच होती. काम झाल्यावर तिने ब्रश मध्ये घातला आणि नर सहीसलामत सुटला. आता घरी न्या, ती म्हणाली, किंवा इथेच ठेवा. पुन्हा एकदा सोडता येईल, पण दर वेळी वाचेलच असं नाही. डब्यात घातलेला नर मादीकडे तोंड करून पुन्हा पाय आपटत होता.

“राहू दे इथेच,” तो म्हणाला.

“आणि तुमची पिल्लं?”

“ज्यांना हवीत त्यांना देऊन टाका.” पिल्लांच्या आडून आणखी वीस वर्षं बोलत राहायचं आता त्याच्या जिवावर आलं होतं.

रविवारी फोन आला. “बाईसाहेब कशा आहेत?” त्याने सगळं सांगून टाकलं, आकडे, हाक, बिळातून आलेलं उत्तर. नर तिकडेच ठेवून आलो, हेही.

“मग बाबा, आता मी रविवारी काय विचारू?” ती थट्टा करते आहे की रडते आहे, त्याला कळेना.

“माझं विचार,” तो म्हणाला.



“जेवलात का?”

ताट मघापासून समोर झाकून ठेवलं होतं. “नाही अजून,” त्याने खरं ते सांगितलं, आणि फोन कानाशी तसाच धरून वरचं झाकण काढलं.