ओढणाऱ्या पेशी

बाबांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या एकाला भिंग लावून त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. आता त्याच डोळ्याचा पडदा फाटून सुटला. सर्जनबाईंनी तो बसवला, पण आत व्रण धरला आणि त्याने पडदा पुन्हा ओढून काढला. दुसरी शस्त्रक्रिया ठरली. ती फसली तर बाबांपुढे काळोखच.

आणि माझी ताई नेमकी याच व्रणावर संशोधन करते! मला घरात ‘भडकू’ म्हणतात ते उगाच नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणत मी तडक तिच्या प्रयोगशाळेत गेलो.

"तुझ्याकडे औषध आहे ना? मग बाबांना दे."

"आधी झगा घाल," ताई म्हणाली. "आणि कशाला हात लावू नकोस."

तिने दोन बशा पुढे ठेवल्या. पहिलीत गुलाबी पाण्यात जेलीची चकती, पार शर्टाच्या बटणाएवढी आक्रसलेली.

"काल ही बशीभर होती. आतल्या पेशींनी ओढून एवढीशी केली. एरवी पडद्यामागे निमूट बसतात, त्याची देखभाल करतात. पडदा फाटला की भरकटतात आणि स्नायूंत असतं तसलं एक प्रथिन बनवू लागतात. मग धरतात आणि ओढतात. केवढी ताकद बघ!"

बाबांचा डोळा खाणाऱ्या पेशींचं हिला पोरांसारखं कौतुक! माझं डोकं तापलं.

दुसऱ्या बशीत मात्र चकती काठापर्यंत पसरलेली होती. तिथे ताईने ते प्रथिन औषधाने अडवलं होतं.

"झालं तर! हेच दे."

तिने तिसरी बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. दाटीने बसलेल्या पेशी आणि मधून एक उघडा पट्टा.

"हा ओरखडा मी काढलाय. औषध नसताना तो केव्हाच बुजतो. औषध घातलं की असाच राहतो. पडद्याची फाटलेली जागा सर्जन लेझरने चिकटवतात, ती भरून आणायलाही याच पेशी लागतात. त्यांनी भरावं पण ओढू नये, एवढं मला अजून साधलेलं नाही. तोवर बाबांच्या डोळ्यात एक थेंब जाणार नाही."

"बाप आहे तो आपला!"

"म्हणूनच."

दगड आहे नुसती, असं पुटपुटत मी निघालो. पण जिना उतरताना मनात आलं, हिच्या जागी मी असतो तर बाटली खिशात घालून पळालो असतो. औषध हाताशी, बाप डोळ्यांपुढे, तरी हिचा हात ढळला नाही. माझ्या ताईचा मला फार अभिमान वाटला.

शस्त्रक्रियेत सर्जनबाईंनी तो व्रण अलगद सोलून काढला. काही आठवड्यांनी तपासणीला गेलो. ताई वाटेभर विनोद करत होती. पडदा जागच्या जागी आहे, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाबांसमोर बोटं धरली.

"किती दिसतात, आजोबा?"

बाबांनी बोटांकडे पाहिलंच नाही. त्यांनी ताईला जवळ ओढलं आणि घड्याळ न्याहाळावं तसा तिचा चेहरा डोळ्याशी आणला.

"पोरी, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं कधीपासून? झोपत नाहीस का गं?"

आमचा दगड बाबांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागला.

"जपून," सर्जनबाई म्हणाल्या, "डोळ्याला धक्का नको."