अन्विताला भूक लागली

दोनशे चौदाव्या पानावर अन्विता चक्कर येऊन पडली ती थेट ऋजुताच्या मांडीवर. ऋजुता वाचत होती त्या कादंबरीचीच नायिका ती, अंगाने निव्वळ कागद. समोरून सुंदर, बाजूने बघितलं तर नुसती रेघ.

"काय होतंय?" ऋजुताने विचारलं.

"भूक," अन्विता म्हणाली. "पहिल्या पानापासून फक्त कॉफी. तीही गार. विहान बोलायला लागला की थांबतच नाही."

ते ऋजुताला चांगलंच माहीत होतं. सगळी नववी ब या विहानवर फिदा, म्हणून किती हौसेने तिने पुस्तक उघडलं होतं. आणि या शहाण्याने काय करावं? अन्विताला न विचारता तिच्या नोकरीचा राजीनामा पाठवून दिला. वर अन्विताने डोळे भरून त्याच्याकडे बघितलं. तिथेच ऋजुताचं मन उतरलं. पण अन्विता मात्र तिला आवडायची. पुस्तक काखेत मारून, हाताला धरून तिने तिला स्वयंपाकघरात नेलं.

"तुझ्या वर्गातली का गं?" आई म्हणाली. "किती वाळलीये पोर. बस बाळा, थालीपीठ लावतेय."

पहिल्या थालीपिठाला अन्विताला पाठ आली. दुसऱ्याला पोटऱ्या. लोण्याचा गोळा संपेपर्यंत तिची फरशीवर सावली पडायला लागली.

"आता निघते," ती म्हणाली. "शेवटच्या पानावर त्याला हो म्हणायचंय."

"म्हणायचंय, की म्हणावं लागतंय?"

"असं कुणी विचारलंच नव्हतं."

आणखी एक खाल्लं, की ती पुस्तकात मावणार नव्हती. ऋजुताने पटकन तिच्या ताटात तिसरं टाकलं. मग चपापली आणि उचलून परत घेतलं.

"तूच सांग. हवंय?"

अन्विता विचार करू लागली. तेवढ्यात ओट्यावरचं पुस्तक उघडलं आणि त्यातून कागदी हात बाहेर आला. चिमटीत अंगठी.

"चल ना, उशीर होतोय," आतून विहान म्हणाला.

"हा आता कोण?" आई तव्यावर पाणी शिंपडत म्हणाली.

अन्विताने त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. बाजूने तो हात म्हणजे नुसती रेघ होती. तिने ऋजुताच्या हातातलं थालीपीठ घेतलं, अर्धं मोडून त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि उरलेलं स्वतः खायला लागली.

बोटं मिटली. हात आत गेला. पानांमधून चावल्याचा आवाज येत राहिला.

मग हात पुन्हा बाहेर आला, या वेळी कोपरापर्यंत. तळवा पसरलेला. अंगठी नव्हती.