आतून डाळिंबी

गाडीचा आतला रंग बदलायचा तर अर्धवटपणा चालत नाही. सीटला नवी कव्हरं चढवली की झालं, असं समजणारे माझ्याकडे रोज येतात. मी सांगते, दाराच्या खाचा, उन्हाची झापडं, स्टिअरिंगचा दांडा, गालिच्याखालचा पत्रा, सगळं बदलायचं असेल तर बसा, नाहीतर पुढची गल्ली धरा. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये तीस वर्षं मी जुन्या गाड्यांना आतून सजवतेय. मी चेलो आरियागा. माझ्या कामाला अजून कुणी नावं ठेवलेली नाहीत.

एर्लिंदा आली ती नवऱ्याची, चेंतेची, त्रेसष्ट सालची इम्पाला गाडी स्वतः चालवत. चेंते जाऊन वर्ष झालं होतं. गाडी आतून सगळी फिरोजी, आणि चकाकी अशी की डोळे दिपावेत.

"हिला आतून डाळिंबी करायचीय," ती म्हणाली.

"अगं, मूळ रंग आहे कंपनीचा. जुन्या गाड्यांच्या क्लबातले बाप्ये सालटी काढतील."

"काढू देत. सव्वीस वर्षं मी या फिरोजीत त्याच्या शेजारी बसले, चेलोबाई. आता स्टिअरिंगवर मी बसणार. दार उघडलं की गाडी माझी दिसली पाहिजे."

मागच्या काचेत क्लबाच्या सभासदाची निकेलची पाटी असायची, ती आता नव्हती. अध्यक्ष रोहेलियोने चेंतेच्या दफनानंतर महिन्याभरात ती काढून नेली होती. क्लबात बाई सभासद कधी झालीच नव्हती. पण नियमात तसं लिहिलेलंही नव्हतं, म्हणून एर्लिंदाने अर्ज केला आणि रविवारी दुपारची तपासणी ठरली. तपासणी म्हणजे पांढरा रुमाल. रोहेलियो गाडीत आत शिरतो, हवं तिथे रुमाल घासतो. काही लागलं रुमालाला, की वर्षभर बाहेर.

"रोहेलियो म्हणाला, गाडी मला विक," एर्लिंदा सांगत होती. "म्हणे, चेंतेसारखी निगा तुला जमायची नाही. नुसत्या पाण्याने पुसून आरसा करायचा तो."

मी एकच प्रश्न विचारला. "चेंते आत चकाकीचं तेल लावायचा का? सिलिकोनचं? ते रेक्झिनमध्ये मुरलं की वर रंग धरत नाही."

"चेंते? कधीच नाही," ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

मीही शहाणी, विश्वास ठेवला. साबणाने धुतलं, एकदा पुसलं आणि रंग फवारला. सीटची कव्हरं नवी शिवली, दारं, झापडं, डॅशबोर्ड रंगवले. शुक्रवारी गाडी अशी दिसत होती की मी स्वतःच दोनदा आत जाऊन बसले.

शनिवारी सकाळी म्हटलं, रोहेलियोच्या आधी आपणच रुमाल फिरवावा. डॅशबोर्डवर घासला आणि रुमाल लाल झाला. नख लावलं तर कांद्याच्या सालीसारखा रंग सुटला, खाली फिरोजी.  धुतल्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघायचं असतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पसरला तर नाही. हे मी अख्ख्या गल्लीला शिकवलंय, आणि स्वतः मात्र आळस केला. स्वतःलाच चार शिव्या हासडल्या आणि एर्लिंदाला बोलावून घेतलं.

तिने बघितलं आणि स्टूल ओढून बसली.

"तेल होतं," मी म्हटलं. "तू नाही म्हणालीस."

"चेंतेने नाही लावलं. मी लावायचे." तिचा आवाज खाली गेला. "दर शनिवारी, तो दुपारी झोपला की. वीस वर्षं. त्याला वाटायचं पाण्यानेच चमकते. क्लबात पाठ थोपटली की पोरासारखा खूश होऊन घरी यायचा. काय सांगायचं त्याला?"

"त्याला नको सांगूस, बाई. मला सांगायचंस ना."

"मेल्यावर त्याला खोटं पाडल्यासारखं वाटलं."

मला राग आला होता, तरी मी तिच्या हातात ब्रश दिला. रंग उतरवला, घासलं, तेल काढायचं औषध लावलं, थेंब टाकला. मोती. पुन्हा घासलं. मोती. पाचव्या वेळी पाणी पसरलं आणि एर्लिंदा ओल्या हातांनीच माझ्या गळ्यात पडली. ऊन कलायच्या आत नवा रंग चढवून झाला.

रविवारी पार्कात सगळा क्लब जमला होता. बाप्ये इम्पालाभोवती, बायका झाडाखाली खुर्च्या टाकून मक्याच्या पानांत उकडलेले तमाले सोडत बसलेल्या. रोहेलियोने डॅशबोर्ड घासला, झापडांच्या मागे घासलं, सीटखाली हात घातला. पाठीवर पडून वर बघत कुठे फिरोजी उरलाय का शोधलं. रुमाल पांढराच राहिला.

"काम चेलोचं आहे, त्यात प्रश्न नाही," तो उठत म्हणाला. "पण आपण पाटी निगेला देतो. ती निगा राखणारे हात चेंतेचे होते. सहा महिन्यांनी ही अशी राहणारे का? पाटी त्याची आठवण म्हणून क्लबाच्या भिंतीवर लावू."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच एर्लिंदाने माझं मनगट दाबलं.

"राहील," ती म्हणाली. "ज्या हातांनी वीस वर्षं राहिली त्याच हातांनी. दर शनिवारी मीच पुसायचे, रोहेलियो. चेंतेला ठाऊक नव्हतं."

 मग झाडाखाली रोहेलियोची बायको आम्पारो हसायला लागली. शेजारची हसली, तिच्या शेजारचीही.

"आणि तुझी कोण पुसतं, रोहेलियो?" आम्पारोने बसल्या जागेवरून विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं, मग स्वतःच्या गाडीकडे. बाकीचे बाप्येही आपापल्या गाड्यांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने त्याने पाटी आणून एर्लिंदाच्या हातात दिली.

सोमवारी दुकान उघडलं तर दारात रोहेलियोची गाडी उभी. आत आम्पारो, स्टिअरिंगवर.

"पिवळी करायचीय," ती म्हणाली. "आणि तेल आहे. भरपूर."