दहा नंबरचा पाना

आज सकाळी मी रोहिदासच्या हातातला पाना हिसकावून कोपऱ्यात भिरकावला. अख्खं प्रेस शॉप थबकलं. महाळुंग्याच्या या कारखान्यात मी मेंटेनन्सची प्रमुख, आणि माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माघारी मला ‘पाना मॅडम’ म्हणतात. म्हणोत बापडे.

झालं होतं असं, की पत्रा दाबणाऱ्या प्रेसची दुरुस्ती संपवून हत्यारं मोजली, तर बोर्डवर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी. रोहिदास ऑपरेटर. त्यानं गपचूप स्वतःच्या पेटीतला पाना आणला आणि तिथं अडकवायला निघाला.

“ही बगा मॅडम, भरली जागा. आता सही करा, माल खोळंबलाय.”

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, हेलिकॉप्टर भाड्यानं देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर. वडील कारखान्यात फिटर. माझ्या लायसन्सची प्रत त्यांनी दिघीच्या घरात फ्रेम करून लावली होती आणि आल्यागेल्याला दाखवायचे. नोकरी लावली ती त्यांच्या मित्रानं, अण्णासाहेबांनी. ते आमचे चीफ. हँगरबाहेर काका, आत सर.

त्या दिवशी एक नवरी हेलिकॉप्टरनं मांडवात उतरायची होती. जमिनीच्या पैशावर आलेल्या घरचं लग्न, गावभर बोभाटा झालेला. मी तपासणी संपवली आणि ट्रेमधली हत्यारं मोजली. दहा नंबरचा पाना नव्हता. हरवलेलं हत्यार मिळेपर्यंत हेलिकॉप्टर हलत नाही, हा आमचा पहिला धडा. तो मला अण्णासाहेबांनीच शिकवला होता.

तासभर शोधलं. लग्नघरून फोनवर फोन. शेवटी अण्णासाहेबांनी आपल्या ड्रॉवरमधला पाना काढला आणि माझ्या ट्रेच्या रिकाम्या खाचेत दाबून बसवला.

“आता मोज.”

“सर, यावर आपल्या कंपनीचा नंबर कोरलेला नाही.”

“पोरी, मोजायला सांगितलंय, वाचायला नाही. भरली ना जागा? कर सही. तू नाव काढशील असा शब्द दिलाय मी तुझ्या वडिलांना.”

वडिलांना मध्ये आणलं हरामखोरानं. आणि मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता.

हेलिकॉप्टर परत येईपर्यंत मी हँगरच्या दारातच उभी राहिले. ते सुखरूप आलं. पायलटच्या केसांत अक्षता होत्या. पंखा थांबताच मी वर चढून झाकण उघडलं. जिथं सकाळी बॅटरी मारून पाहिलं होतं, तिथंच आता पाना पडलेला, घरंगळत आलेला. शेजारच्या, हेलिकॉप्टर वळवणाऱ्या कंट्रोल रॉडवर ताजे ओरखडे. आणखी बोटभर सरकला असता तर रॉड अडकला असता आणि नवरी, पायलट, कुणी उरलं नसतं.

मी तो पाना अण्णासाहेबांच्या टेबलावर आपटला. तिथं लग्नाचे पेढे आले होते.

“झालं का काही? नाही ना? मग तोंड गोड कर.”

“मी लेखी तक्रार करणार आहे.”

त्यांनी शांतपणे लॉगबुक माझ्याकडे फिरवलं. “सही कुणाची आहे?”

तरीही मी तक्रार केली. लायसन्स निलंबित झालं ते माझं. बरोबरच झालं, आणि तरी आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. अण्णासाहेबांची सही कुठंच नव्हती. वडिलांनी फ्रेम उतरवली. खिळा अजून भिंतीत आहे.

“प्रेस बंद,” मी रोहिदासला म्हणाले. “पाना सापडेपर्यंत.”

मॅनेजरचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. दोन तासांनी रोहिदास पाना घेऊन आला. प्रेसच्या साच्यात, डायच्या मागच्या फटीत अडकला होता.

“मॅडम, पयला स्ट्रोक मीच मारनार व्हतो. म्होरंच उभा असतो की मी.”

त्याला झापायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. रजिस्टर पुढं ओढलं.

“त्याच्यावर कोरलेला नंबर वाच,” मी म्हणाले. “मोठ्यानं.”

त्यानं वाचला. मग मी सही केली.