देव्हाऱ्यात बसवलेले साठेखत

मित्रांनो, मी एक जुना साठेखताचा कागद आहे, आणि मला जुना होऊ दिले याचाच मला संताप आहे. साठेखत म्हणजे जागा पुढे विकण्याचा लेखी करार. पक्के खरेदीखत झाले की माझे काम संपते. मी तर तरुणपणीच सुटायला हवा होतो!

माझा जन्म बोईसरच्या एका टायपिंगच्या दुकानात झाला. किनाऱ्यावरच्या येसूबाईंना मासळी सुकवायला स्वतःची जागा नव्हती. आज एकाच्या अंगणात बोंबील, उद्या दुसऱ्याच्या. "उचल गो तुजी टोपली," असे कोणीही म्हणायचे. म्हणून त्यांनी आपले व्याही नवशा यांचा जमिनीचा तुकडा घ्यायचे ठरवून इसाराची आगाऊ रक्कम दिली. पुढच्या मार्चअखेर खरेदीखत करून देईन, असे लिहून नवशांनी माझ्यावर सही केली.

त्या दिवशी माझे काय कौतुक! येसूबाईंनी मला थेट देव्हाऱ्यात बसवले. दसऱ्याला जाळ्याची आणि होडीच्या इंजिनाची पूजा झाली, तशी माझीही झाली. हळद, कुंकू, झेंडूचे फूल. मीही वेड्यासारखा फुगलो.

मार्च उलटला. नवशा म्हणाले, "विहीनबाय, बोटी किनाऱ्याला लागू दे, मंग करू." बोटी लागल्या, पाऊस सरला, बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. मग कोणाचे लग्न, मग कोणाची हळद. त्यांची कारणे संपेनात आणि येसूबाईंचे "बरं" संपेना. मी मात्र फुलांखाली कपाळ बडवत होतो.

सून उन्नती ही नवशांचीच मुलगी. तीच एकदा म्हणाली, "आई, बाबाला वकिलाची नोटीस धाडा. कराराला मुदत असते."

"सोयऱ्याला नोटीस? आमच्यात असं करत नाय. आनि तो कुठं नाय म्हनतो हाय?"

हाच तर घोटाळा होता! त्यांनी वेळेवर नाही म्हटले असते तर बरे झाले असते.

यंदा गणपतीनंतर त्या तुकड्याला मोठे गिऱ्हाईक आले आणि नवशांनी हात वर केले. मग एकच धावपळ. सासू-सुनेने मला पालघरच्या वकील प्रियदर्शिनी यांच्यापुढे ठेवले. त्यांनी माझ्यावरचे कुंकू झटकून तारीख वाचली.

"मावशी, तारीख ठरलेली असली की तिच्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तारीख नसती, तर नकार कळल्यापासून मोजली असती. तुमची मुदत या मार्चमध्येच संपली."

"पन तो दर साली देतो म्हनायचा."

"वाढीव मुदत लेखी आहे का?"

"सोयऱ्याकडून कोन लिवून घेतं?"

उन्नती तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी हात जोडून सांगतो, मला नुसते जपू नका! माझ्यावरची तारीख वाचा, कॅलेंडरवर खूण करा, आणि समोर सोयरा असला तरी वेळेत कोर्टाच्या दाराशी जा. मी फाटलो नाही, भिजलो नाही, मला उंदरानेही कुरतडले नाही. धडधाकट असूनच मी निकामी झालो.

परवा दसरा झाला. येसूबाईंनी सवयीने कुंकवाचे बोट माझ्याकडे आणले आणि तसेच मागे घेतले. मग टोपली डोक्यावर घेऊन, आज कोणाचे अंगण मोकळे आहे ते पाहायला त्या निघाल्या.